दुर्बिणीवरचं दव : कमी खर्चात काय करता येईल?

रातकिडा

परवाची अमावस्येची रात्र कशी वाया गेली ते आधी सांगतो, मग प्रश्न विचारतो.

माझी २०० मिमीची श्मिट-कॅसग्रेन दुर्बीण आहे (मागे आरसा, तोंडाशी पातळ काच). जुनी, पण काच उत्तम. आकाश लख्ख होतं. साडेनऊला मृगातला तेजोमेघ इतका छान दिसत होता की मधले चारही तारे सुटे मोजता आले. साडेदहाला तोच तेजोमेघ फिकट. मला वाटलं वर पातळ ढग आलाय. मग वाटलं फोकस सरकला. दोन नेत्रिका (डोळा लावायची भिंगं) बदलल्या, मग कॉलिमेशनवर (आरशांच्या जुळणीवर) संशय घेऊन स्क्रूंशी झटापट केली (आता ते खरंच बिघडलंय). सहज मान वर केली तर साध्या डोळ्यांना कृत्तिका तशाच ठसठशीत. शेवटी टॉर्च तिरपा धरून पुढची काच पाहिली. गरम पाण्याने अंघोळ झाल्यावर न्हाणीघरातला आरसा दिसतो ना, तशी. म्हणजे पाऊण तास मी पाण्याच्या पडद्यातून आकाश बघत होतो.

रुमालाने पुसली. होय, माहीत आहे, शिव्या घाला. पाच-दहा मिनिटांत पुन्हा तेच.

तयार हीटरच्या पट्ट्या आणि त्यांचे कंट्रोलर मिळतात हे ठाऊक आहे, पण सध्या तेवढा खर्च नको. घरच्या सामानात भागेल असं कोणी काही करतं का?

शततारका

रुमाल!! 😱

शिवी नाही घालत, पण पुन्हा करू नका. रात्रभर काचेवर धूळ बसलेली असते, पाण्यात ती चिखल होते आणि तुम्ही तो चिखल कोटिंगवर घासता. ओरखडे लगेच दिसत नाहीत, दोन वर्षांनी उन्हात धरून बघा.

माझी ८० मिमीची भिंगाची दुर्बीण आहे. तिला पुढे नळी कंपनीकडूनच येते, त्यामुळे मला हा त्रास फार उशिरा होतो. तुमच्या दुर्बिणीची काच अगदी तोंडाशी असते, तिला आडोसाच नाही. पुढे एक नळी बसवा, निम्मा प्रश्न तिथेच संपेल.

ओहमशांती

नळीबिळी ठीक आहे, पण दवाला खरं उत्तर एकच : उष्णता. काच दवबिंदूच्या वर ठेवा, विषय संपला. १२ व्होल्टची बॅटरी, मूठभर रेझिस्टर (वीज गेली की तापणारे छोटे रोधक) आणि एक संध्याकाळ. हवं असेल तर कृती लिहितो.

नवशिका

काच दवबिंदूच्या वर ठेवायची म्हणजे? दवबिंदू तर काचेच्या वर असतात ना? 🤔

जुनीकाच

नवशिका, तुमचा गोंधळ रास्त आहे, दोष भाषेचा आहे. आपल्याकडे गवतावरच्या थेंबालाही दवबिंदू म्हणतात आणि ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी व्हायला लागते त्या तापमानालाही दवबिंदूच. ओहमशांती दुसऱ्याबद्दल बोलतायत.

आणखी एक गंमत. आपण म्हणतो दव 'पडतं'. दव पडत नाही. पाऊस वरून येतो, दव जागच्या जागी धरतं. गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून पाणी सुटतं, तेच हे. मात्र पेल्यात गार पाणी असतं. दुर्बिणीच्या काचेला गार कोण करतं? मोकळं आकाश करतं. रात्रीची प्रत्येक वस्तू अवरक्त किरणांतून उष्णता बाहेर टाकत असते. भिंत समोर असेल तर भिंत तितकीच परत देते. निरभ्र आकाश फार कमी परत देतं. ८ ते १३ मायक्रॉनच्या पट्ट्यात तर कोरडी हवा जवळजवळ पारदर्शकच असते, उष्णता थेट अवकाशाकडे निघून जाते. म्हणून आकाशाकडे तोंड करून बसलेली काच भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंश गार होते. ढगाळ रात्री दव कमी धरतं ते याचमुळे, ढग उष्णता परत पाठवतात.

हे नीट उलगडलं विल्यम चार्ल्स वेल्स नावाच्या लंडनच्या एका डॉक्टरने, १८१४ साली. लोकरीचे झुबके वजन करून रात्री बागेत ठेवायचे आणि सकाळी पुन्हा तोलायचे, असा त्याचा उद्योग. त्याआधी बऱ्याच जणांना वाटायचं की दव धरल्यामुळे वस्तू गार होते. त्याने दाखवलं की वस्तू आधी गार होते, दव मागाहून. चार काड्यांवर एक पातळ रुमाल ताणला तरी खालचं गवत उघड्या गवतापेक्षा गरम राहतं, हेही त्याने मोजलं. माळी लोक नाजूक रोपांवर रात्री चटई घालतात त्याला आपण अर्धवट ज्ञानाच्या तोऱ्यात हसायचो, अशी कबुलीही त्याने लिहून ठेवलीय. चटईने थंडी कशी अडेल, असं त्याला वाटायचं. ती थंडी अडवत नाही, आकाश अडवते.

रातकिडा, तुमचा रुमालही काचेवर घासण्यापेक्षा काड्यांवर ताणला असता तर जास्त उपयोगी पडला असता.

तेव्हा आधी आकाश अडवा. उष्णतेचं नंतर बघू.

रातकिडा

😂 मान्य. नळी किती लांब हवी? आणि कशाची?

जुनीकाच

लांबी काचेच्या व्यासाच्या दीडपट ते दुप्पट. हा आकडा सगळे पाठ म्हणतात, तो कुठून येतो ते सांगतो. काचेच्या मध्यावर बसून वर बघताय असं समजा. नळी नसेल तर अख्खा घुमट दिसतो. नळी व्यासाच्या निम्म्या लांबीची असेल तर आकाशाकडे जाणारी उष्णता साधारण निम्म्यावर येते. एकपट केली तर पाचवा हिस्सा. दीडपटीला दहावा. दुप्पट केली तर सुमारे ६ टक्के. म्हणजे पहिल्या दीडपटीत नव्वद टक्के काम होतं, पुढचं सगळं किरकोळ. तीनपट नळी लावून वाऱ्यात डुगडुगणारी दुर्बीण मी पाहिलीय, मालक मोठ्या अभिमानाने दाखवत होता.

हा हिशोब एका अटीवर : नळीच्या आतल्या भिंती स्वतः गार होता कामा नयेत. झाल्या तर त्याच काचेची उष्णता ओढतात. म्हणून पातळ पत्र्याची रंगवलेली नळी चांगली नाही. पत्रा बाहेरून गार झाला की आतूनही लगेच तेवढाच गार. उष्णता अडवणारा फोम हवा. व्यायामाची किंवा कॅम्पिंगची फोमची चटई असते, बंद छिद्रांची, पाणी न पिणारी, ती सर्वात उत्तम. गुंडाळायची, कडेला वेल्क्रो, झालं. पुठ्ठा अजिबात वापरू नका, पहिल्याच रात्री लगदा होतो.

शततारका

आतून काळं हवं हे राहिलं. चटई रंगीत असेल तर आत काळा खडबडीत कागद किंवा फेल्ट चिकटवा, नाहीतर शेजारच्या दिव्याचा उजेड आत उसळतो.

ओहमशांती

बाहेरून पांढरा रंग दिला तर उष्णता कमी जाईल ना?

जुनीकाच

नाही. पांढरा रंग डोळ्यांना पांढरा, अवरक्तात तो जवळपास काळ्याइतकाच काळा. रंगाने फरक पडत नाही. बाहेरून चकचकीत ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळलीत तर पडतो, उघडा चकचकीत धातू उष्णता फार कमी टाकतो. काही जण अख्ख्या नळकांड्याला फॉइल लावलेला फोम गुंडाळतात. दिसायला फराळाचा डबा, पण चालतो.

पहाटतारा

नळीचं कौतुक चाललंय म्हणून थोडं पाणी ओततो. मी कॅमेऱ्याला रुंद लेन्स लावून आकाशगंगेचे फोटो काढतो. दीडपट नळी लावली तर फोटोत नळीच येईल. आमच्यासारख्यांना उष्णतेशिवाय पर्याय नाही.

दुर्बिणीवाल्यांना हा त्रास नाही. २०० मिमीच्या काचेला ३०० मिमी लांब नळी लावली आणि ती काचेपेक्षा दोन्ही बाजूंना १५ मिमी मोकळी असेल, तर अक्षापासून जवळजवळ ३ अंशांपर्यंत काहीच कापलं जात नाही. तुमच्या नेत्रिकेत एक अंशसुद्धा मावत नसेल. फक्त नळी सरळ बसवा, वाकडी लोंबली तर मात्र काठ कापते.

ओहमशांती

आता माझी पाळी. नळी लावूनही मध्यरात्रीनंतर हरता, तेव्हा ही गरम पट्टी लागते.

४७० ओहमचे अर्ध्या वॅटचे २० रेझिस्टर. दोन उघड्या तांब्याच्या तारा समांतर, त्यांच्यामध्ये शिडीच्या पायऱ्यांसारखे रेझिस्टर जोडायचे. १२ व्होल्टवर एकेक रेझिस्टर सुमारे ०.३ वॅट देतो, वीस मिळून ६ वॅट. रातकिडांच्या दुर्बिणीचा घेर ७० सेंटिमीटरच्या आसपास असेल, म्हणजे साडेतीन सेंटिमीटरला एक. शिडीवर दोन्हीकडून कापडी टेप, बाहेरच्या अंगाला फोमची पट्टी, टोकांना वेल्क्रो. एखादा रेझिस्टर गेला तरी बाकीचे चालू राहतात, हा शिडीचा फायदा.

३३० ओहमचे घेऊ नका. कागदावर ०.४४ वॅट येतात आणि बसतील असं वाटतं. पण भरलेली बॅटरी चार्जरवर असताना १३.८ व्होल्ट देते, तेव्हा तोच रेझिस्टर ०.५८ वॅटवर जातो. म्हणजे अर्ध्या वॅटची मर्यादा ओलांडली. पाव वॅटचे तर मुळीच नको.

एकूण करंट अर्धा ॲम्पियर. बॅटरीच्या अगदी जवळ १ ॲम्पियरचा फ्यूज घालाच. अंधारात ओल्या गवतावर तारा पसरलेल्या, कुणाचा पाय अडकेल सांगता येत नाही. १२ व्होल्टचा शॉक लागत नाही, पण शॉर्ट झालेली बॅटरी तार लालबुंद करते.

१२ व्होल्ट ७ ॲम्पियर-तासांची लेड ॲसिड बॅटरी म्हणजे ८४ वॅट-तास. निम्म्याखाली उतरवायची नाही असं धरलं तरी ६ वॅटची पट्टी सात तास चालते. पहाट होते.

नवशिका

ओहमशांती दादा, मी निक्रोमच्या तारेने (हीटरमध्ये असते ती) केलं होतं. १ मीटर तार लावली, जरा जास्त गरम वाटली. म्हणून उष्णता कमी करायला तार कापून अर्धी केली. फोम वितळला. 😐 असं कसं?

ओहमशांती

अरे! हा सापळा फार जणांना चावतो. व्होल्ट तेच, तार अर्धी, म्हणजे रोध (विजेला होणारा अडथळा) अर्धा. रोध अर्धा झाला की वॅट दुप्पट. आणि ते दुप्पट वॅट निम्म्या लांबीत. म्हणजे प्रत्येक सेंटिमीटरवर चौपट उष्णता. ०.२५ मिमी जाडीची निक्रोम तार मीटरला साधारण २२ ओहम भरते, १२ व्होल्टवर साडेसहा वॅट. अर्धी कापली तर १३ वॅट. उष्णता कमी करायची तर तार लांब करायची. उलटं वाटतं, पण तसंच आहे. लावण्यापूर्वी मल्टिमीटरने रोध मोजत जा, तारेवर छापलेल्या आकड्यावर जाऊ नको.

नवशिका

समजलं. म्हणजे मी चूक केली, पण मन लावून केली.

जुनीकाच

ओहमशांतींची कृती चोख आहे, एकच विनंती. 'जास्त म्हणजे चांगलं' असं इथे नाही. काच हवेपेक्षा एक-दोन अंश वर राहिली तरी पुरे. खूप तापवली तर नळकांड्यातली हवा उकळायला लागते आणि गुरू ग्रह ओढ्याच्या तळाच्या गोट्यासारखा हलतो. दव गेलं, ग्रहही गेला. आणि पट्टी दव धरण्याआधी लावा. काच कोरडी राखायला थोडी उष्णता पुरते. धरलेलं पाणी उडवायला कितीतरी जास्त लागते.

पट्टी कुठे? काचेच्या जितक्या जवळ बसेल तितकी, नळीच्या आत झाकून. नळकांड्याच्या मध्यावर बांधून 'चालत नाही' म्हणणारे भेटतात.

पहाटतारा

दोन गोष्टी जोडतो.

एक, कमी-जास्त करायला एलईडी दिव्यांचा साधा डिमर किंवा मोटरचा वेग बदलणारं स्वस्त सर्किट चालतं, दोन्ही पीडब्ल्यूएमच आहेत, म्हणजे वीज भरभर चालू-बंद करून कमी-जास्त करतात. पण कॅमेरा आणि हीटर एकाच बॅटरीवर ठेवू नका. माझ्या फोटोत आडव्या पट्ट्या आल्या होत्या, बॅटरी वेगळी केली आणि गेल्या.

दुसरं, लेन्सला पट्टी लावाल तर फोकसच्या रिंगवर नको. आणि पट्टी चालू करून वीस-पंचवीस मिनिटं थांबून मगच फोकस लावा. लेन्स तापताना फोकस सरकतो. आधी लावलेला फोकस तासाभराने फुकट.

शततारका

मी पॉवरबँकवर चालवते. ५ व्होल्टला ५ वॅट हवे असतील तर एकूण रोध ५ ओहम. १०,००० एमएएच लिहिलेलं असतं ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं असतं, म्हणजे ३७ वॅट-तास, हातात येतात तीसेक. सहा तास धरा, थंडीत त्याहून कमी. एक खोड : करंट फार कमी असेल तर काही पॉवरबँक आपोआप बंद होतात. फक्त नेत्रिकेची एक वॅटची पट्टी लावली की माझा एक झोपी जातो.

रातकिडा

सगळ्यांचे आभार. हेअर ड्रायरबद्दल कोणीच बोललं नाही?

ओहमशांती

घरचा हजार वॅटच्या पुढचा असतो. ६ वॅटची पट्टी रात्रभर चालवेल ती बॅटरी त्याला दोन-तीन मिनिटंही पुरणार नाही, इन्व्हर्टर वेगळाच. गाडीत चालणारा १२ व्होल्टचा छोटा ड्रायर मिळतो, तो दव उडवतो. पण दवाचं कारण जागेवरच राहतं, त्यामुळे पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा. आणि गार काचेवर एकदम गरम झोत नको, लांबून, हलवत.

जुनीकाच

माझी २५० मिमीची डॉब्सोनियन (साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) आहे, आरसा नळकांड्याच्या तळाशी. नळकांडंच त्याची नळी, मुख्य आरशावर मी क्वचितच दव पाहिलंय. उघड्या सांगाड्याची असेल तर मात्र काळं कापड गुंडाळावं लागतं. माझा धाकटा आरसा कधीकधी धुरकटतो, फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) आणि नेत्रिका तर नेहमीच. त्यामुळे बिनखर्चाच्या सवयी जास्त उपयोगी :

चहापाण्याला थांबलात की दुर्बीण आडवी करा, आकाशाकडे उघडं तोंड ठेवू नका. नेत्रिका बदलली की लगेच टोपण. नेत्रिकेच्या पेटीचं झाकण उघडं ठेवायचं नाही, आतले सगळे एकदम ओले होतात. पुढची नेत्रिका खिशात ठेवली तर ती कोमट राहते, फक्त खिशात किल्ल्या नकोत. नकाशे आणि वह्या असलेल्या टेबलावर एक साधी छत्री उघडून बांधा. सगळे हसतात, आणि रात्री दोनला कोरडी वही फक्त तुमचीच असते. पुन्हा तेच, आकाश अडवायचं.

जागाही बघा. थंड हवा खोलगट भागात साचते, तिथे आधी दव. जरा उंचावर, थोडा वारा असेल तिथे बसा. वारा सुटला की दव कमी, कारण हवा काचेला आपल्या तापमानावर ओढून आणते.

नवशिका

आज दव धरणार का हे आधी कळतं का?

पहाटतारा

मोबाइलवर हवामानात दवबिंदूचं तापमान बघ. नसेल तर तोंडी हिशोब : आर्द्रता १०० पेक्षा जितकी कमी, त्याला पाचाने भाग, तेवढे अंश हवेच्या तापमानातून वजा. १८ अंश आणि ८५ टक्के असेल तर १५ च्या खाली काच गेली की दव. आर्द्रता निम्म्याच्या वर असेल तोवर हे बऱ्यापैकी जमतं. हवा आणि दवबिंदू यांतलं अंतर तीन अंशांहून कमी झालं की पट्टी चालू कर.

शततारका

घरी आणतानाचं पण सांगा कोणीतरी. गार दुर्बीण उबदार खोलीत आणली की घरात दव धरतं! कोरडी असेल तर बाहेरच टोपणं लावून पेटीत बंद करा, मग आत न्या, सकाळपर्यंत पेटी उघडू नका. ओली असेल तर उलट, टोपणं काढून, तोंड थोडं खाली करून वाळू द्या. ओल्या काचेवर टोपण लावून ठेवलं की बुरशी. माझी एक नेत्रिका त्यात गेली. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवते, रंग बदलला की तापवून पुन्हा वापरते.

रातकिडा

तीन आठवड्यांनी अहवाल.

फोमची नळी केली, ३५ सेंटिमीटर, आत काळं फेल्ट. काल बसलो. हवा आणि दवबिंदू यांत जेमतेम अडीच अंशांचं अंतर होतं. शेजारी मित्राची तशीच दुर्बीण, नळीशिवाय. त्याची पावणेअकराला गेली. माझी सव्वा वाजेपर्यंत कोरडी, पट्टी न लावता. मग कडेपासून धूसर व्हायला लागली तेव्हा ओहमशांतींची शिडी चालू केली, तीनपर्यंत टिकली. (उशिरा चालू केली, मान्य. मध्यभाग साफ व्हायला अर्धा तास लागला.) नेत्रिका दोनदा गेली, ती माझ्याच श्वासाने. डोळा लावून बसलो की तोंडाने श्वास सोडतो मी, हे मला या वयात कळलं.

कॉलिमेशनही परत लावलं. चारही तारे पुन्हा सुटे.

एकच घोळ : फाइंडरसाठी घाईत पुठ्ठ्याची छोटी नळी केली होती. बाराला ती ओली होऊन फाइंडरवर कानटोपीसारखी खाली वळली.

जुनीकाच

पुठ्ठा नको म्हणालो होतो. माझाच दुसरा प्रतिसाद बघा, शेवटची ओळ.